पान १४३ वरचं वाक्य

३ डिसेंबर, रविवार

ही वही आयेशानं दिली. माझी मुलगी, शाळेत शिकवते. "अब्बा, रोज बीपी लिहीत जा," म्हणाली. बीपी पहिल्या पानावर आहे. दुसऱ्या पानापासून हे.

मराठीत लिहितोय, त्याला कारण आहे. माजिदाला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. तिची शाळा उर्दू. एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिच्यापासून एकच गोष्ट लपवली. ती कागदावर येणारच असेल तर तिला न वाचता येणाऱ्या अक्षरांत यावी.

आज त्रिंबकनं ओढून नेलं. तो होटगीला राहतो, रेल्वेत गार्ड होता. मी हवाई दल सोडून टेलिफोन खात्यात आलो तेव्हापासूनची दोस्ती. "तुज्या एअरफोर्सचा मोटा साहेब आलाय, सत्कार हाय, चल की." ग्रुप कॅप्टन महेश्वर होनराव. मूळचे इथलेच, सोलापूरचे, आता पुण्याला असतात. एकाहत्तरच्या युद्धातल्या एका गुप्त मोहिमेवर त्यांनी पुस्तक लिहिलंय.

कोणती मोहीम ते त्यांनी तोंड उघडल्याबरोबर मला कळलं. शत्रूचा एक कमांडर होता, त्या आघाडीवर आपल्या फौजेला त्यानं जेरीस आणलं होतं. तो हेलिकॉप्टरनं एका ठाण्यावरून दुसऱ्या ठाण्यावर जाणार होता. आपली चार विमानं वाटेत गेली आणि ते हेलिकॉप्टर पाडलं. होनराव त्यातल्या दुसऱ्या विमानात. इथपर्यंत सगळं खरं. मग ते म्हणाले, "त्या कमांडरचाच वायरलेस ऑपरेटर आम्हाला फितूर होता. त्यानंच आपल्या साहेबाला विकलं!"

लोक हसले, टाळ्या झाल्या. मी उठलो. त्रिंबक म्हणाला, "लघवीला का?" मी हो म्हटलं आणि रिक्षा करून घरी आलो.

५ डिसेंबर

त्रिंबकनं पुस्तक आणून दिलं. न सांगता निघून आलास म्हणून चार शिव्याही दिल्या. पान १४३. वाक्य जसंच्या तसं उतरवतो:

"शत्रूच्या कमांडरचा वायरलेस ऑपरेटर आमच्या हेरखात्याला फितूर झाला होता आणि त्यानेच आपल्या साहेबाच्या उड्डाणाची वेळ विकली."

कोणीही फितूर नव्हतं. ती वेळ मी दिली.

हे लिहून खोडलं होतं. पुन्हा लिहिलंय. मी एका कागदावर सही केली होती की आयुष्यात हे कुणाला सांगणार नाही. ती सही मला अजून कुणी परत दिलेली नाही. पण वही म्हणजे काही कुणी नव्हे.

अक्कलकोटजवळच्या गावात वाढलो. घरात दखनी, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी, मशिदीत उर्दू. भरतीच्या वेळी साहेबानं विचारलं, किती भाषा येतात. मी बोटं मोजून चार सांगितल्या. तिथं नशीब फिरलं. बाकीचे विमानं पुसायला गेले, मला कानाला हेडफोन लावून एका बाभळीखालच्या तंबूत बसवलं. शत्रूचा वायरलेस ऐकायचा, वहीत उतरवायचा, वर द्यायचा. जागेचं नाव अजून लिहीत नाही. सवय.

चूक दुरुस्त झाली पाहिजे. एवढंच. तांत्रिक चूक आहे.

८ डिसेंबर

हवाई दलाच्या दिल्लीतल्या कार्यालयाला ईमेल. आयेशानं टाइप केला. "छापून आलेल्या एका हकिगतीतली चूक दुरुस्त करण्यासाठी मला गुप्ततेतून मोकळं करावं" असं मी सांगत होतो आणि ती इंग्रजीत घालत होती.

"अब्बा, कुठली चूक?"

"ते लिहायचं नाही."

"कुठल्या हकिगतीतली?"

"तेही नाही."

"मग ते मोकळं कशातून करणार?"

आवाज चढवायला नको होता. चढवला.

१६ डिसेंबर

आज विजय दिवस. सोसायटीच्या ग्रुपवर होनराव साहेबांच्या भाषणाचा तुकडा फिरतोय. जिन्यात सेक्रेटरी शिवपुत्र भेटले. "लालसाबभाई, ऐकलं का? त्यांच्यातलाच फितूर निघाला. असल्या लोकांचा काय भरवसा!"

"असल्या म्हणजे?"

"अहो, पाकिस्तानी म्हणतोय मी." मग घरात नेऊन चहा पाजला, बिस्किटं दिली.

शिवपुत्रना वीस वर्षं ओळखतो. त्यांच्या मनात काही नसतं. मनात काही नसताना माणूस काय काय बोलतो.

२८ डिसेंबर

दिल्लीचं उत्तर आलं. आपण उल्लेखलेल्या प्रकारचं युनिट अभिलेखात आढळत नाही.

पुन्हा लिहिलं. उत्तर आलं की याआधीच्या उत्तराकडे लक्ष वेधण्यात येते.

त्रिंबकला एवढंच सांगितलं की माझ्या जुन्या युनिटचा पत्ता लागत नाही. तो म्हणाला, "मग दोन वर्सं तू व्हतास कुटं? पळून गेल्ता काय कुणाला घिऊन?" आणि स्वतःच हसत सुटला. मला हसू आलं नाही.

माजिदा विचारते, "क्या लिखते जी दिनभर?"

"बीपी."

"इत्ता बीपी?"

२ जानेवारी

होनराव साहेबांना फोन लावला. पुस्तकाच्या मागे नंबर आहे. त्यांना ऐकू कमी येतं बहुतेक.

"मी लालसाब शेख, सोलापूर. पुस्तकाबद्दल बोलायचं होतं."

"धन्यवाद, धन्यवाद! आवडलं ना?"

"साहेब, त्यात एक चूक आहे."

"छपाईच्या आहेत हो दोन-तीन. प्रकाशकाला कळवलंय." आणि ठेवला.

९ जानेवारी

त्रिंबककडे गेलो होतो. त्याच्या सुनेनं हुरडा भाजला होता. खाता खाता तो म्हणाला, "लालसाब, खरं सांग. त्या पुस्तकात तुला तुजं नाव पायजे का?"

"नाव नको."

"मग?"

"चूक आहे ती जायला हवी."

"अरं, चुका लई हायत त्यात. रेल्वेचं एक वाक्य हाय, त्यात चार चुका. मी भांडाय गेलो का? तू महिना झाला नीट जेवत न्हाईस. त्यो मेल्याला ऑपरेटर तुजा कोन लागतो रं?"

"कोणी नाही."

"मग एवढं का लागलंय?"

मी उठलो. तो "आरं बस की, बस की" म्हणत रस्त्यापर्यंत आला. मी थांबलो नाही. स्टँडपर्यंत चालत आलो, गुडघा सुजला. घरी आल्यावर वाटलं, त्याचं काय चुकलं? पण काहीतरी चुकलंच. लोकांना वाटतं प्रत्येक गोष्टीमागे काहीतरी असतं. कधी कधी नुसती चूक असते.

१५ जानेवारी

गड्ड्याची यात्रा, सोलापूरची संक्रांतीतली मोठी जत्रा. होनराव साहेब त्यासाठी भावाच्या घरी आलेत ही बातमी त्रिंबकनंच काढली. रागावून गेलेल्या माणसासाठी त्यानं एवढं केलं. त्याच्याशी धड बोलायला हवं.

सकाळी दहाला गेलो. घरातले सगळे यात्रेला, साहेब एकटे व्हरांड्यात. कानात मशीन. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण पाठ ताठ.

"साहेब, मी एअरमन होतो."

"वा! कुठली स्क्वाड्रन?"

"स्क्वाड्रन नव्हती. तंबू होता." मग म्हणालो, "पान एकशे त्रेचाळीस चुकीचं आहे. तो ऑपरेटर फितूर नव्हता. आम्ही ऐकत होतो."

"काय?"

"आम्ही ऐकत होतो!"

"मोठ्यानं बोला हो!"

बावन्न वर्षं जे कुजबुजलोसुद्धा नाही ते मला व्हरांड्यात उभं राहून ओरडून सांगावं लागलं. समोरच्या घरातल्या बाईनं खिडकीतून पाहिलं.

साहेब शांतपणे म्हणाले, "परतल्यावर आम्हाला जे सांगण्यात आलं तेच मी लिहिलंय. दिल्लीनं हस्तलिखित तपासून दिलंय. तुमच्याकडे पुरावा आहे?"

"नाही. वह्या त्याच संध्याकाळी जमा केल्या."

"राग मानू नका. महिन्याला एक तरी माणूस येतो, मीही त्या मोहिमेत होतो म्हणणारा."

मी परत फिरणार होतो. खरंच फिरणार होतो. मग म्हणालो, "तुम्ही नऊ वाजून दहा मिनिटांनी पोहोचायचं होतं. नऊ एकवीसला पोहोचलात."

त्यांनी कप खाली ठेवला. हे पुस्तकात कुठंच नाही.

"नदीच्या अलीकडे झाडांच्या उंचीवर आम्ही चकरा मारत होतो," ते म्हणाले, अगदी हळू, "आणि रेडिओवर आलं की अकरा मिनिटं थांबा. इंधन जेमतेम होतं. लीडरनं शिवी दिली होती."

"ती अकरा मिनिटं मी दिली साहेब. शाकीर निघता निघता म्हणाला, बडे साहेबांचा चहा व्हायचाय, अकरा मिनिटं उशीर, आता सेट बंद करतोय. सेट बंद करून तो हेलिकॉप्टरकडे गेला. हे हेराकडून आलं असतं तर तुम्हाला हवेत असताना कसं कळलं असतं?"

गड्ड्यावरचे भोंगे इथवर ऐकू येत होते. साहेबांना येत नसावेत.

"शाकीर कोण?"

"ऑपरेटर. तुमच्या त्या वाक्यातला."

"तुम्हाला नाव माहीत आहे?"

"चार महिने ऐकला साहेब. रोज आठ तास."

मग मी बोलत सुटलो. सांकेतिक संदेश आमच्याच्यानं फुटत नसत. ते आकडे वर जायचे, त्याचं काय व्हायचं आम्हाला कळत नसे. पण मधल्या वेळात पोरं गप्पा मारायची. मनाई होती, तरी मारायची. एकवीस-बावीस वर्षांची पोरं, माझ्याच वयाची. शाकीर सेट तपासताना काहीतरी गुणगुणायचा, मग बिस्मिल्ला म्हणायचा, मग पलीकडच्या ठाण्यातल्या त्याच्या दोस्ताला हाक मारायचा. धाकटा भाऊ मॅट्रिकला नापास झाला. खाणावळीतला आचारी मीठ चोरतो. त्या दोस्ताच्या ठाण्याजवळ पेरूची बाग होती, त्यावरून त्यांची रोजची भांडणं.

"आदल्या संध्याकाळी तो दोस्ताला म्हणाला, उद्या नऊ वाजता येतोय. बडे साहेबांबरोबर, उडत येतोय. पेरू काढून ठेव."

"आणि तुम्ही ते कळवलं."

"कळवायलाच बसवलं होतं मला."

"हो. अर्थात." मग म्हणाले, "त्यात पाच जण होते."

"हो."

"मला फक्त मशीन दिसलं होतं. हिरवं मशीन."

मला वाटलं आता काही होईल. पण ते सावरून बसले. "शेख, पुस्तक बदलता येणार नाही. ऐकून कळलं असं लिहायला मला परवानगी मिळणार नाही, आणि तुम्ही सही मोडलीत हे उघड होईल. दोघंही अडकू. झालं ते झालं."

दारापर्यंत आले नाहीत.

१६ जानेवारी

बीपी १७०/१००. आयेशानं गोळी बदलून आणली.

काल सगळं सांगितलं असं वाटलं होतं. एक राहिलं. हेलिकॉप्टर पडल्यावरही माझी पाळी संपलेली नव्हती. नऊ चाळीसपासून तो दोस्त हेलिकॉप्टरला बोलावत होता. मी वहीत उतरवत गेलो: नऊ चाळीस, उत्तर नाही. नऊ चव्वेचाळीस, उत्तर नाही. नऊ पन्नास, उत्तर नाही. दहा वीसपर्यंत. शेवटी त्यानं ठाण्याची खूण, नंबर, सगळी पद्धत सोडून नुसतं नाव घेतलं. शाकीर. शाकीर ओय.

तेवढं मी वहीत लिहिलं नाही. का नाही, ठाऊक नाही. त्यात वर कळवण्यासारखं काही नव्हतं म्हणून असेल.

संध्याकाळी तंबूत जिलबी आली होती. साहेबानं माझी पाठ थोपटली. मी जिलबी खाल्ली. चांगली होती.

२७ जानेवारी

होनराव साहेबांचा स्वतःहून फोन.

"शेख, दुसरी आवृत्ती निघतेय. ते वाक्य काढतो."

"त्या जागी?"

"त्या जागी काही नाही. नुसतं काढतो. तेवढंच माझ्या हातात आहे."

मला आनंद व्हायला हवा होता. दोन महिने ज्यासाठी डोकं फोडलं ते मिळालं. पण वाक्य काढल्यानं पहिल्या आवृत्तीतलं खोटं ठरत नाही. ती पुस्तकं लोकांच्या घरात आहेत, भाषण मोबाइलवर आहे, आणि आजकाल काहीही सरहद्दीपलीकडे पोहोचतं. शाकीरच्या भावानं वाचलं तर? म्हातारपणी कळावं की आपला भाऊ गद्दार होता?

हे मी साहेबांना बोलून दाखवलं. "त्यांच्या घरी कळवायला हवं. मी लिहितो."

"नाही," ते एकदम म्हणाले. "तुम्ही लिहू नका, शेख. मी लिहितो. लंडनला त्यांच्या हवाई दलातला एक निवृत्त माणूस ओळखीचा आहे. त्याच्यामार्फत."

मी का नको, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोघांनाही कळत होतं. त्यांच्या ईमेलला कुणी विचारणार नाही. माझ्या ईमेलसाठी आयेशाच्या शाळेपर्यंत माणसं येतील. मला राग आला, आणि सुटल्यासारखंही वाटलं. मग सुटल्यासारखं वाटलं याचा वेगळा राग आला.

काय लिहायचं ते सांगितलं: त्यानं कुणाला काही विकलं नाही, हे खात्रीनं माहीत असलेला एक माणूस इकडे आहे. खूण म्हणून ते गुणगुणणंही घाला म्हटलं.

३ फेब्रुवारी

काही नाही.

११ फेब्रुवारी

काही नाही. आयेशाला दिवसातून तीनदा विचारतो, होनराव साहेबांचा मेसेज आला का. ती म्हणते, "अब्बा, मोबाइल तुमच्याच खिशात आहे."

त्रिंबक आला होता. मी माफी मागितली. तो म्हणाला, "कशाची रं?" आणि माझ्या ताटातली भाकरी उचलली. त्याला अजून काही सांगितलेलं नाही. आता त्याला विचारायचंही नाही असं दिसतं.

२० फेब्रुवारी

उत्तर आलं. साहेबांनी पुढं पाठवलं. उर्दूत आहे, शाकीरच्या त्या धाकट्या भावाचं. वय एकाहत्तर. त्या पाच जणांच्या नावांचा एक दगड त्यांच्या छावणीत आहे, त्यावरून गाव सापडलं. मी मराठीत उतरवतो:

"माझ्या भावाला इथं कुणी कधी गद्दार म्हटलेलं नाही. तुमच्या त्या पुस्तकाबद्दल आम्हाला तुमच्या पत्रातूनच कळलं. गावच्या शाळेत त्याची तसबीर आहे. दरवर्षी लोक येतात, पण ते बडे साहेबांबद्दल बोलतात. बावन्न वर्षांत शाकीरबद्दल विचारणारं हे पहिलं पत्र. तो गुणगुणायचा हे फक्त आमच्या घरात ठाऊक होतं. ज्यांना ते ठाऊक आहे ते साहेब कोण? ते त्याचे दोस्त होते का?"

म्हणजे कुणाला काही माहीतच नव्हतं. मीच कळवलं. तिथं पुस्तक पोहोचलं नव्हतं, माझी काळजी पोहोचली. अडीच महिने दिल्ली, होनराव, ईमेल, गुडघा, बीपी, सगळं एका अशा डागासाठी जो कुठं लागलाच नव्हता!

आणि आता हा प्रश्न.

२२ फेब्रुवारी

चार मसुदे केले. "मी एक निवृत्त सैनिक", फाडला. "मला एका विश्वसनीय सूत्राकडून", फाडला. तिसऱ्यात "होय, दोस्त" लिहिलं होतं. तो सगळ्यात आधी फाडायला हवा होता. चौथा कोरा आहे, तरी फाडला.

साहेब विचारतात, काय कळवू? म्हटलं, थांबा.

२५ फेब्रुवारी, रविवार

आज शबे बारात. दुपारी माजिदा चण्याच्या डाळीचा हलवा घोटत होती. फातिहासाठी घरातल्या गेलेल्या माणसांची नावं ती दरवर्षी मला विचारते, मी सांगतो: माझे अब्बा, अम्मा, तिचे अब्बा, तिची बहीण. आज यादी संपली आणि मी म्हणालो, "शाकीर."

"कौन शाकीर?"

मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसलो आणि सांगितलं. तंबूपासून. मला वाटलं होतं खूप वेळ लागेल. हलवा उतरायच्या आत संपलं. बावन्न वर्षांची गोष्ट एवढीशी.

ती घोटत राहिली. मग गॅस बंद केला.

"उनपचास बरस मेरेकू नहीं बोले."

"सही केली होती."

"मैं क्या दुश्मन हूँ?"

पोटात आणखी एक होतं, तेही बाहेर आलं. म्हणालो, फितूर नव्हता तो, पण बातमी त्याच्याच तोंडून आली. आनंदात होता, दोस्ताला भेटणार होता म्हणून बोलून गेला. मी ऐकलं नसतं तर नुसती गप्पच होती ती. त्याच्या बोलण्याचं मी काय केलं बघ.

ती म्हणाली नाही की तुमचं कामच होतं. ते मी स्वतःला म्हणत आलोय, तिनं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं विचारलं, "उसकी अम्मा का नाम क्या था?"

"मालूम नहीं."

"चार महिने सुने, ये नहीं सुने?"

नाही. ते कधी ऐकलं नाही. तो नुसतं अम्मी म्हणायचा.

माजिदा माझ्याशी रात्रीपर्यंत बोलली नाही. पण फातिहात पाचवं नाव तिनं घेतलं, मी शेजारीच होतो.

२७ फेब्रुवारी

आज लिहिलं. एकाच बैठकीत, उर्दूत. इथं मराठीत:

"मी त्याचा दोस्त नव्हतो. मी सरहद्दीच्या या बाजूला हेडफोन लावून बसलेला होतो. तुमचा भाऊ त्याच्या दोस्ताशी जे बोलला ते मी ऐकलं आणि माझ्या साहेबांना दिलं. त्यानं कुणाला काही विकलं नाही, सांगितलंही नाही. मी काढून घेतलं. लढाई होती आणि मी माझ्या देशाचं काम केलं. त्याची लाज मला वाटत नाही. पण त्या दिवसापासून आजपर्यंत त्याचा आवाज माझ्या कानातून गेलेला नाही, आणि हे विचारणारे तुम्ही पहिले. लालसाब शेख, सोलापूर."

नावगाव घालू नये असं सही म्हणते. घातलं.

माजिदानं कागद हातात घेतला. हे तिला वाचता येतं. चष्मा लावून तिनं दोनदा वाचला, माझ्या हातातलं पेन काढून घेतलं आणि खाली तिच्या शाळकरी अक्षरात लिहिलं: "मी यांच्या घरातली. तुमच्या अम्मांचं नाव कळवा. दुआत घ्यायचं आहे."

आयेशानं फोटो काढला. काढताना वाचला असणार, तिलाही उर्दू येतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली, लहानपणी शाळेत जायचं नसलं की उभी राहायची तशी.

होनराव साहेबांचा लगेच फोन. "शेख, मला ही लिपी येत नाही. काय लिहिलंय?"

मी वाचून दाखवलं.

"काय? मोठ्यानं!"

मग मोठ्यानं वाचलं. गॅलरीचं दार उघडं होतं. खाली शिवपुत्र स्कूटर पुसत होते, त्यांनी मान वर केली. ऐकू दे म्हटलं, आणि शेवटपर्यंत वाचलं, माजिदाच्या ओळीसकट.

लाइन चालू आहे ना म्हणून विचारलं, "साहेब?"

"आहे," ते म्हणाले. "खाली जागा आहे का हो? ऐकलं तुम्ही. पाडलं मी. माझ्याही दोन ओळी हव्यात."

मी कागद पाहिला. माजिदाचं अक्षर मोठं, खालपर्यंत आलेलं. जागा नाही म्हणून मी तिच्याकडे बघितलं. तिनं सगळं ऐकलं होतं. होनराव साहेब बोलतात तेव्हा फोनबाहेरही ऐकू येतं. तिनं आयेशाच्या वहीतला एक कोरा कागद फाडला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "बोलने को बोलो उन्हें. मैं लिखतूं."

साहेबांनी मराठीत सांगितलं, मी दखनीत केलं, माजिदानं उर्दूत उतरवलं. दोन ओळी म्हणता म्हणता पान भरलं.

बीपी घ्यायचं राहिलं आज.